क्वाड्रन्स : पावली, पैसा की दमडी?

भाषांतरी
पहिल्या शतकातल्या रोममधल्या रोजच्या खर्चावरचा मजकूर मराठीत आणतोय. त्यात 'क्वाड्रन्स' हे चिल्लर नाणं सारखं येतं. मूळ अर्थ चौथा हिस्सा, म्हणून 'पावली' लिहिलंय. चालेल ना? शीर्षक 'रोमची कांस्यनाणी' असं आहे.

खुर्दा
पावली नको हो! क्वाड्रन्स हा 'अस' या नाण्याचा पाव. आपली पावली रुपयाची. रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस, त्याच्या काळचा हिशेब मांडून बघा: चांदीच्या एका दिनारियसचे १६ अस, एका असाचे ४ क्वाड्रन्स, म्हणजे दिनारियसचे ६४. आता १९५७च्या आधीचा रुपया घ्या: १६ आणे, ६४ पैसे. योगायोगच, पण अनुवादकाला आयतं घबाड! अस झाला आणा, दोन असांचा डुपोंडियस चवली, चार असांचा सेस्टर्शियस ही खरी पावली. अर्ध्या असाचा सेमिस म्हणजे ढब्बू आणि क्वाड्रन्स म्हणजे पैसा.

तांबट
'कांस्य'ही खटकतं. काशात कथील लागतं. ऑगस्टसनंतर सेस्टर्शियस आणि डुपोंडियस जस्त मिसळलेल्या पितळेचे, अस जवळपास शुद्ध तांब्याचा. क्वाड्रन्सही सहसा तांब्याचाच, वजन जेमतेम ३ ग्रॅम. 'तांब्या-पितळेची नाणी' म्हणा.

ओवी
हिशेब पटला, पण 'पैसा' वाचून आजच्या वाचकाला रुपयाचा शंभरावा भागच आठवणार. मराठी बायबलमध्ये गरीब विधवेच्या दानाच्या गोष्टीत क्वाड्रन्सच्या जागी 'दमडी' आहे. ती का नको?

खुर्दा
तिथे शोभते. पण दमडी पैशाहून लहान, आणि आता तिच्यात किंमत उरली नाही, नुसता तुच्छभाव उरलाय. सार्वजनिक स्नानगृहाचा दर क्वाड्रन्स होता. 'स्नान : एक दमडी' लिहिलंत तर दरपत्रक न वाटता टोमणा वाटेल. रोमन तत्त्वज्ञ सेनेका मात्र साध्या जुन्या न्हाणीघराला 'क्वाड्रन्सची वस्तू' म्हणतो, ती सजवायची कशाला, असं विचारतो. तिथे 'दमडीची' बिनधास्त वापरा.

नाण्याचं वर्णन करताना मूळ नावच ठेवा. बादशहा कॅलिग्युलाच्या क्वाड्रन्सवर त्याचा चेहरा नाही. एका बाजूला गुलामीतून सुटलेल्याची टोपी, दुसरीकडे 'आर सी सी' ही अक्षरं. लिलावाच्या विक्रीवरचा दोनशेवा हिस्सा कर माफ केल्याची ती जाहिरात, असा नेहमीचा अर्थ लावतात. करमाफी सांगायला सगळ्यात हलकं नाणं निवडलं, ही अक्कल मानली पाहिजे. अशा ठिकाणी 'पैसा' लिहिलं की सगळा घोळ.

भाषांतरी
ठरलं. वर्णनात क्वाड्रन्स, पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'जुन्या पैशासारखा', सेनेकाला दमडी. शीर्षकही बदलतो. आता लिंगाचं काय, तो की ते?

ओवी
'तो'. तो पैसा, तो आणा, तसा तो क्वाड्रन्स. अनेकवचनही तेच राहू द्या, लॅटिनमधलं 'क्वाड्रन्टेस' वाचताना जीभ अडखळते.