मदत हवी आहे : सदस्यराष्ट्रे वाढली तर युरोपीय आयोगातील आयुक्त कमी करता येतील का?

नमस्कार. मी कोल्हापुरात राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे आणि युरोपीय संघाच्या विस्ताराचा त्याच्या संस्थांवर होणारा परिणाम हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. एका मुद्द्यावर मी अडले आहे.

युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेतले, म्हणजे सदस्यराष्ट्रांच्या मंत्र्यांच्या सभेतले, मतदान मला चटकन उमगले, कारण माझे वडील करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव आहेत. संस्था रोज दोनशे लिटर दूध घालो की दोन हजार, जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीसाठी मतदानाचा ठराव एकाच्याच नावाने होतो आणि मतही एकच असते. युरोपीय संघाचे सध्याचे नियम ठरवणाऱ्या लिस्बन करारात मात्र राष्ट्रांची संख्या आणि लोकसंख्या दोन्ही मोजतात : किमान 55 टक्के राष्ट्रे हवीत आणि त्यांत युरोपीय संघाची 65 टक्के लोकसंख्या हवी. आज 27 पैकी 15 राष्ट्रे पुरतात. आणखी सहा येऊन 33 झाली तर 19 लागतील. युरोपीय संसदेची कमाल मर्यादा 751 असून सध्या 720 सदस्य आहेत. एका राष्ट्राला किमान 6 जागा मिळतात, म्हणजे सहा लहान राष्ट्रे आली तरी 36 जागा लागतील आणि जुन्यांना काही सोडाव्या लागतील.

खरी अडचण आयोगाची, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाची, आहे. 2004 पर्यंत पाच मोठ्या राष्ट्रांचे दोन-दोन आयुक्त असत. विस्तारासाठी त्यांनी दुसरी जागा सोडली. लिस्बन करारात तर 2014 पासून आयुक्तांची संख्या राष्ट्रांच्या दोन तृतीयांश ठेवून आळीपाळीने जागा द्यायचे ठरले होते, मात्र राष्ट्रप्रमुखांच्या शिखर परिषदेला एकमताने ही संख्या बदलण्याची मुभा होती. 2008 मध्ये आयर्लंडच्या मतदारांनी करार फेटाळला, त्यामागे आपला आयुक्त जाण्याची भीतीही होती. त्यांना दिलेल्या शब्दानुसार 2013 मध्ये ‘प्रत्येक राष्ट्राला एक आयुक्त’ हीच पद्धत कायम झाली.

आता दोन तृतीयांशाच्या नियमाकडे परतायचे झाल्यास पुन्हा एकमत लागेल का? लागणार असेल, तर नुकतेच आत आलेले राष्ट्र स्वतःची जागा सोडायला कशाला तयार होईल? की ते उंबरठ्याबाहेर असतानाच, युरोपीय संघाच्या मूळ करारातल्या कलम 49 खालच्या प्रवेश करारात तशी अट घालता येते? 2013 मध्ये आलेल्या क्रोएशियाला संसदेत 12 जागा मिळाल्या, पण अशा करारात आकड्यांपलीकडे जाऊन निर्णयपद्धतीचा मूळ नियमच बदलला आहे, असे उदाहरण मला सापडलेले नाही. कोणाला माहीत असल्यास कृपया करार आणि कलम सांगावे.