"ड्रग्ज नाही गं, गांजा ओढतात फक्त": कॉलेजात असताना तुम्हाला काय माहीत होतं?

परवा भाचा जेवायला आलेला. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, पुण्यात कर्वेनगरला चौघं मिळून फ्लॅटवर राहतात. सहज विचारलं, तुमच्यात कोणी ड्रग्ज वगैरे घेतं का रे? तर पोळी मोडता मोडता म्हणाला, छे गं मावशी, ड्रग्ज नाही, गांजा ओढतात फक्त. मी आमटी वाढत गप्प बसले, कारण वीस वर्षांपूर्वी होस्टेलवर आम्ही पण हेच म्हणायचो.

२०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभ एमआयडीसीतला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, कारखाना पकडला, मग जूनमध्ये एफसी रोडच्या बारच्या टॉयलेटमधला व्हिडिओ फिरला, पब-बारवर बुलडोझर गेले, सगळं झालं. पण पोरांना नक्की काय माहीत असतं आणि काय वाटतं हे कोणी विचारल्याचं आठवत नाही. म्हणून हा धागा. नावं नकोत, कुठे मिळतं ते तर अजिबात नको, आणि उपदेश करायचा असेल तर आपापल्या घरी करा.

टेकडीवाला
सांगलीहून आलो तेव्हा टपरीवर सिगारेटच्या पाकिटांशेजारी ती गोगो (गांजा भरून ओढायची कागदी नळी) लटकलेली असायची, मला कितीतरी महिने वाटत होतं तो बिडीचाच काहीतरी प्रकार आहे. रूममेटने ज्ञान दिलं. नॅचरल आहे, झाडाचंच आहे, सिगारेटपेक्षा बरं, सवय लागत नाही. (धोतरा पण झाडच आहे, पण तेव्हा सुचलं नाही.) वेताळ टेकडीवर संध्याकाळी बसायचो, मी दोनतीनदा ओढला, मला नुसती धडधड झाली आणि भयंकर भूक लागली, सोडून दिलं. रूममेटचं मात्र आधी रविवारी, मग रोज झोपायच्या आधी, मग सकाळी लेक्चरच्या आधी असं होत गेलं. तरी सवय नाही म्हणायचा, आणि आम्ही पण मान डोलवायचो कारण सवय म्हणजे पिक्चरमध्ये दाखवतात तसं सुई टोचून फुटपाथवर पडलेला माणूस असंच डोक्यात होतं. सुट्टीत गावी गेला की चिडचिड करायचा, झोप नाही, जेवण नाही. घरच्यांना वाटायचं मेसच्या जेवणाने पोट बिघडलंय. दोन वर्षं ड्रॉप गेली त्याची. आता बराय.

आणि हो, एक किलोपर्यंत गांजा लीगल आहे हे आम्ही सगळे छातीठोकपणे सांगायचो.

काळा कोट
वरच्या एक किलोवाल्यासाठी थांबलो. लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटायचं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाची 'अल्प मात्रा' एक किलोपर्यंत धरलीय, एवढंच. म्हणजे शिक्षा कमी, माफी नाही. जवळ सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एमडीची अल्प मात्रा तर फक्त २ ग्रॅम आहे, आणि ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक, म्हणजे किमान दहा वर्षं. मित्रासाठी पुडी आणून दिली, पैसे नाही कमावले, हे पण चालत नाही. आणि हा किलोचा आकडा माहीत असलेल्या एकालाही ६४अ कलम माहीत नसतं. व्यसनी माणसावर सेवनाची किंवा अल्प मात्रेची केस झाली आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतो म्हणाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार पूर्ण करायचे, ही अट.

सोळाशे मीटर
मी पेठेत कॉट बेसिसवर राहून पोलीस भरतीची तयारी करायचो. तिथे गांजावाल्यांना आम्ही शिव्या द्यायचो, आणि आमच्यातलेच दोघंतिघं ग्राउंडच्या आधी इंजेक्शन घ्यायचे, स्टॅमिना वाढतो म्हणून. औषध आहे ना ते, मेडिकलमधलं, मग नशा कशी? माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे, त्याला बाटलीचा फोटो दाखवला तर तो हादरलाच, म्हणाला अरे हे मेफेंटरमाइन, भूल दिल्यावर पेशंटचं बीपी पडलं तर आम्ही देतो, धडधाकट पोराचं हार्ट जाईल याने. पोलीस व्हायला निघालेली पोरं हो ही. मी पण एकदा घेतलेलं, आज पहिल्यांदा लिहितोय.

हाफ चहा
आमच्या घरी एमडी म्हणजे डॉक्टर. मैत्रीण एमडी करते असं मी घाबरत घाबरत सांगितलं तर बाबा म्हणाले, अरे वा, कुठल्या विषयात? हसले नाही मी तेव्हा. तिचं वजन उतरलेलं, तीन तीन रात्री जागी, आणि सगळे आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटायचं तिला. तिच्या आईला वाटायचं सबमिशनचं टेन्शन. शेवटी मीच फोन केला आईला, आणि तिला येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेलं, पुल आणि अवचटांमुळे ते नाव घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते दारुड्यांसाठी आहे असंच वाटायचं. माझ्याशी ती वर्षभर बोलली नाही.

खडू डस्टर
मी शिकवतो, कॉलेजचं नाव नको. दर २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आमच्याकडे शपथ, पोस्टर स्पर्धा आणि कवटीची चित्रं. एका वर्षी मी निनावी चिठ्ठ्या घेतल्या, प्रश्न एकच: पार्टीत मित्र शुद्धीवर नसेल तर काय कराल? बहुतेकांनी लिहिलं, रूमवर नेऊ, लिंबूपाणी देऊ, झोपवू. दवाखाना लिहिणारे मोजकेच. एकाने लिहिलेलं, सर, दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील, पोलीस आले तर कॉलेज काढून टाकेल, मग त्यापेक्षा लिंबूपाणी. चिठ्ठ्या मीटिंगमध्ये ठेवल्या. पुढच्या वर्षी पोस्टरची साइज वाढली.

धागाकर्ती
भाच्याला लिंक पाठवली. रात्री साडेबाराला मेसेज आला, मावशी, ते ६४अ वालं कॉलेजला कळवावं लागतं का? एका मित्रासाठी विचारतोय.

काळा कोट
ताई, कलमात कॉलेजचा उल्लेख पण नाही, आणि केस व्हायची वाट बघायची गरज नाही. १४४४६ ला फोन करायला सांगा, टोल फ्री आहे. मित्राला.

धागाकर्ती
सांगितलं. रविवारी जेवायला बोलावलंय, मित्रालाही घेऊन ये म्हटलंय.