हॉथॉर्न, मेरेट आणि हातात राहिलेले पिक

विषय: हॉक्सचा ट्रेड

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधली 2025 ची ट्रेडची, म्हणजे क्लबांमधल्या खेळाडूंच्या देवघेवीची, मुदत संपली आणि आपल्या हॉथॉर्नला (हॉक्सना) हवा असलेला एसेन्डनचा कप्तान झॅक मेरेट तिथेच राहिला. खुद्द कप्तान म्हणत होता की मला हॉथॉर्नला जायचंय, पण त्याचा करार 2027 पर्यंतचा. एसेन्डनने अडून धरलं आणि शेवटपर्यंत जमलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतंय, आणि आपल्या क्लबने हात आखडता घेतला असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रिलिममध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या मॅचमध्ये, जिलाँगने आपल्याला कुठे धरलं ते सगळ्यांनी पाहिलं. मध्यात बॉल पडला की न्यूकम एकटा किती खणणार? विल डेचा पाय वर्षभर दुखावलेला. त्यात वॉर्पल आता जिलाँगलाच गेला. बॅरस आणि बॅटल आल्यापासून मागची फळी भक्कम आहे, पुढे गन्स्टन आणि वॉट्सन आहेत. उणीव आहे ती नेमकी मेरेटसारख्या खेळाडूची: गर्दीतून बॉल काढून डाव्या पायाने समोरच्याच्या छातीवर नेऊन ठेवणारा.

जिलाँगने 2020 मध्ये जेरेमी कॅमरनसाठी ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले, पहिल्या फेरीचे तीन पिक (निवडीचे हक्क) जायंट्स क्लबला दिले. तेव्हा लोक वेड्यात काढत होते. 2022 ला त्यांनी कप नेला. आणि त्या फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक कुणाला? आयझॅक स्मिथला, ज्याला आपण 31 व्या वर्षी जाऊ दिलं होतं!

टीम कपाच्या इतक्या जवळ आलेली असताना पिक जपून काय करायचं, हे मला कुणीतरी सांगा.

— ग्लेन वेव्हर्लीहून


विषय: उत्तर: हॉक्सचा ट्रेड

नमस्कार,

मी या देशात नवीन आहे, प्रीमियर लीग बघत मोठा झालो, म्हणून विचारतो. हॉथॉर्न श्रीमंत क्लब आहे म्हणतात. मग एसेन्डनला थेट पैसे मोजून खेळाडू का घेत नाहीत? या पिकच्या देवघेवीचं गणित काय आहे?

— क्लेटनहून


विषय: उत्तर: उत्तर: हॉक्सचा ट्रेड

दोघांनाही उत्तर देतो.

आधी क्लेटनवाल्यांचं. इथे खेळाडूच्या बदल्यात क्लबला रोख रक्कम देताच येत नाही. द्यायचा तर दुसरा खेळाडू, नाहीतर ड्राफ्टमधला पिक. खेळाडूंच्या एकूण पगारावर सगळ्या 18 क्लबांना मर्यादा आहे. ड्राफ्टमध्ये तळाचा क्लब आधी निवडतो, विजेता शेवटी. 2012 पासून करार संपलेल्या जुन्या खेळाडूंना फ्री एजंट म्हणून पिकशिवाय जाता येतं, आणि 2015 पासून पुढच्या वर्षाचे पिकही आजच देऊन टाकता येतात. शिवाय खेळाडूच्या संमतीवाचून त्याला कुठेही पाठवता येत नाही. म्हणजे पैसा असून भागत नाही. पिक हीच इथली पुंजी, आणि ती जपूनच खर्चावी लागते.

आता ग्लेन वेव्हर्लीच्या ताई, तुमच्याबद्दल. मेरेट उत्तम खेळाडू आहे, त्याबद्दल वाद नाही. मी वाद घालतोय तो किमतीवर.

हॉथॉर्नचं भाग्य ज्या ट्रेडने बदललं तो 2001 चा. ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन, दोन चांगले तरुण खेळाडू, आपण फ्रीमँटलला दिले आणि 1, 20, 36 हे पिक घेतले. एक नंबरवर ल्यूक हॉज आला. 36 वर सॅम मिचेल. 2008 चा कप उचलणारा कप्तान मिचेल, 2013, 14, 15 चे कप उचलणारा हॉज, आणि आज कोच म्हणून बसलाय तोही मिचेलच. 2004 च्या ड्राफ्टमध्ये 2, 5 आणि 7 वर रफहेड, फ्रँकलिन आणि लुइस मिळाले. आधी हे घरचं पीक उभं राहिलं, बाहेरची माणसं मागाहून आली.

ती माणसं कशी आणली तेही बघा. 2009 अखेर बर्गोइन आणि गिब्सन, 2010 ला हेल, 2011 ला गन्स्टन, 2012 ला ब्रायन लेक. प्रत्येक जण एकेक ठरावीक भोक बुजवायला. 2012 ची फायनल सिडनीकडून 10 गुणांनी हरलो आणि मागे उंच बचावपटू हवा हे उघड झालं. लेक तेव्हा 30 चा होता, बुलडॉग्जकडून फार मोठी किंमत न मोजता मिळाला. 2013 ची फायनल मी एमसीजीवर वरच्या मजल्यावरून पाहिली. फ्रीमँटलचा उंच बॉल आत आला की आजूबाजूचे लोक श्वास रोखायचे, आणि दर वेळी गर्दीतून लेकचाच हात वर यायचा. कधी बॉल धरायचा, कधी मुठीने बाहेर मारायचा. 15 गुणांनी जिंकलो, नॉर्म स्मिथ त्याला. गन्स्टनचे चार गोल. त्याला चार वर्षं खिळा ठोकून ठेवायचं म्हणून नव्हे, तर दोन-तीन हंगामांपुरता घेतला होता, आणि किंमतही तेवढीच मोजली होती.

आता 2016. सॅम मिचेलने त्या वर्षी क्लबचं सर्वोत्कृष्ट खेळाडूचं पदक मिळवलं आणि त्याच महिन्यात तो वेस्ट कोस्टला गेला. लुइस मेलबर्नला. टॉम मिचेल पिक 14 च्या बदल्यात आला, 2018 चं ब्राउनलो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, जिंकला, तो सौदा चांगलाच. पण ओमिएरा? गुडघ्यामुळे आधीचे दोन हंगाम एकही मॅच न खेळलेला मुलगा. त्याच्यासाठी लागणारा पिक 10 मिळवायला आपण पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक सेंट किल्डाला देऊन बसलो. 2017 ला बाराव्या नंबरवर घसरलो आणि तोच पिक नेमका सोन्याचा झाला, पण सेंट किल्डाच्या हातात. 2018 ला विंगार्डसाठी पुन्हा पहिल्या फेरीचा पिक गेला. 2015 च्या कपानंतर फायनल्समधली पुढची मॅच जिंकायला 2024 उजाडलं. त्या वर्षांत माझा मुलगा शाळेतून कॉलेजात गेला.

मेरेट या महिन्यातच 30 चा झाला. बॅरससाठी आपण या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आधीच वेस्ट कोस्टला दिलाय. पुढचेही दिले असते, तर डे, वॉर्ड, मॅकेंझी, वेडल यांच्या मागे येणारी पोरं कुठून आणायची?

— माजी खजिनदार, माउंट वेव्हर्ली


विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: हॉक्सचा ट्रेड

काका,

2001 चा हिशेब पटला. पण एक गोष्ट तुम्ही बाजूला ठेवलीत. तुम्हीच म्हणता की लेक आला तो फायनल हरलेल्या टीममध्ये. आपली टीम आज तिथून एक पायरी खाली आहे. 2016 ची टीम म्हातारी होत चालली होती, म्हणून उद्याचा पिक देणं धोक्याचं ठरलं. आजची टीम तरुण आहे. पुढच्या वर्षी आपण बाराव्या नंबरवर जाणार नाही. पहिल्या चारात आलो तर आपला पहिल्या फेरीचा पिक तसाही फेरीच्या शेवटी पडणार. तिथे मिळणाऱ्या 18 वर्षांच्या मुलाला पाय रोवायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर गन्स्टन आणि सिसिली निवृत्त झालेले असतील.

आणि न्यूकम आपल्याला मिळाला तो 2021 च्या हंगामाच्या मध्यावर होणाऱ्या ड्राफ्टमधून. वरचे पिक नसले तरी शोधणाऱ्याला माणूस सापडतो, हे आपल्याच क्लबने दाखवलंय.

तुम्ही किती पिक दिले असते, तेवढं सांगा.

— ग्लेन वेव्हर्लीहून


विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: हॉक्सचा ट्रेड

ताई,

टीम तरुण आहे हा मुद्दा बिनतोड आहे, आणि म्हणूनच आकडा सांगतो. पहिल्या फेरीचा एक पिक, सोबत दुसऱ्या फेरीचा एक. पहिल्या फेरीचे दोन दिले नसते. एसेन्डनला कप्तान सोडायचाच नव्हता, त्यामुळे यावर ते हसले असते हे मला ठाऊक आहे.

पुढच्या ऑक्टोबरला त्याच्या करारात एकच वर्ष उरेल आणि तो 31 चा असेल. तेव्हा त्याला अजून यायचं असेल तर याच भावात घ्यावा, मी स्वतः पाठिंबा देईन. तोवर वॉर्ड आणि मॅकेंझी मध्यात पूर्ण वेळ खेळू देत. डेचा पाय बरा झाला तर कदाचित ही चर्चा वेगळ्याच खेळाडूवर होईल.

— माउंट वेव्हर्लीहून