दिंडीत रांग न मोडणारे आपण चारीवर दार कामून फोडतो?

शेवटचं_दार (मानवत तालुका, परभणी)

रामराम मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत १७ सप्टेंबरच्या झेंड्यानंतर मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. विषय हेडसरांनीच ठरवला: 'व्यक्ती आणि समाजासाठी शिस्तीचे महत्त्व'. ज्याला विचारावं तो जपान सांगतो. तिथली रेल्वे सेकंदावर येते, तिथली पोरं शाळा झाडतात. असंल. पण ज्या पोरांचं निम्मं बालपण मानवत रोडच्या फलाटावर गाडीची वाट बघण्यात गेलंय, त्यांना जपानच्या रेल्वेचं काय सांगू?

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. आमचं शेत जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर, चारीच्या (कालव्याचं पाणी शेतापर्यंत आणणारी लहान नाली) पार शेपटाला. रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी, सुटलं की वरचे लोक रात्री चारीचं लोखंडी दार फोडतात, चारीत दगड-माती टाकून पाणी फुगवतात, आणि आमच्या हरभऱ्यापर्यंत नुसती ओलसुद्धा येत नाही. आता गंमत बघा. यातलीच कितीतरी माणसं आषाढीला आळंदीहून दिंडीत चालतात. तिथं विणेकऱ्याच्या पुढं एक पाऊल टाकत नाहीत. पंगतीत वाढप्याची वाट बघत मुकाट बसतात. टँकरपाशी तांब्या घेऊन नंबर धरतात. घरी आले की पहिल्याच पाळीला खोरं घेऊन दारावर. म्हणजे शिस्त माणसात असते का जागेत? हे मला कळलं तर पोरांना काहीतरी सांगता येईल.

सिग्नल_तोडू_नका (छत्रपती संभाजीनगर)

सोपं आहे. आपल्या लोकांना दंडुकाच कळतो. क्रांती चौकात हवालदार दिसला की झेब्रा पट्टीच्या मागं गाडी, हवालदार चहाला गेला की पट्टीच्या पुढं. चारीवर दोन पोलीस बसवा, आठ दिवसांत सगळे सरळ. दिंडीचं म्हणाल तर तिथं देवाची भीती आहे. चारीवर ना देव ना पोलीस.

कालवा_सेवानिवृत्त (पाथरी)

सिग्नलवाले साहेब, तो दंडुका माझ्याच हातात होता, म्हणून बोलतो. पाटबंधारे खात्यात मोजणीदार म्हणून लागलो आणि कालवा निरीक्षक म्हणून बाहेर पडलो. पाणीचोरीला पंचनामा आहे, जादा आकारणी आहे, गुन्हाही दाखल होतो. कायदा कमी नाही. पण डावा कालवा २०८ किलोमीटरचा, त्याच्या वितरिका, चाऱ्या, पोटचाऱ्या वेगळ्याच. मोटारसायकलवर फिरणारा निरीक्षक रात्री किती दारांपाशी उभा राहील? आणि पंचनाम्यावर साक्षीदार कोण? शेजारीच. त्याला उद्या त्याच माणसाच्या बांधावरून बैलगाडी न्यायचीय. तो म्हणतो, "साहेब, मी झोपलो होतो." सगळा शिवार झोपलेला, आणि दार आपोआप फुटलेलं.

देवाच्या भीतीचंही मला पटत नाही. पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी चप्पल चोरीला जाते, तिथं काय देव नसतो?

आता दिंडीबद्दल. माउलींच्या सोहळ्याला आजचं वळण हैबतबाबा आरफळकरांनी लावलं. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेले, फौजेत वावरलेले. म्हणून नंबरवार दिंड्या, रथापुढच्या वेगळ्या, रथामागच्या वेगळ्या, चोपदार, सगळी लष्करी बांधणी. पण नुसत्या बांधणीवर एवढी वर्षं एवढी माणसं चालत नाहीत. त्यातला खरा खिळा संध्याकाळच्या समाजआरतीला दिसतो. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, हजारो टाळ चाललेले असतात. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतो, "होऽऽ" म्हणून आवाज देतो, आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र थांबत नाही, टाळ वाजवतच राहते. एवढ्या शांततेत तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, म्हणणं ऐकून घेतो, सर्वांसमोर ते सांगितलं जातं. हरवलं-सापडलं पुकारलं जातं. मग आरती.

म्हणजे नियम मोडून स्वतःचा न्याय स्वतः करायची कुणाला गरजच राहत नाही. ज्याला दुखलं त्यानं टाळ वाजवायचा, त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत. चारीवर टाळ कुठं वाजवायचा? शेपटाच्या शेतकऱ्यानं अर्ज दिला की तो शाखेत जातो, शाखेतून उपविभागात, उत्तर येईस्तोवर आवर्तन संपून कालव्यात बेशरम डोलायला लागतो. मग तोही पुढच्या पाळीला खोरं उचलतो. त्याला बेशिस्त म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

माझ्या हद्दीत एक चारी अशी होती की तिथं मला जावंच लागत नव्हतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक हे वाचत असतील. शेजपाळीत, म्हणजे एकामागून एक शेताला पाणी द्यायच्या पाळीत, पाणी शेपटाकडून सुरू करून वर वर यायचं, हा नियम कागदावर जुनाच. या लोकांनी तो खरोखर पाळला. मारुतीच्या पाराशेजारच्या भिंतीवर चुन्यानं यादी: कुणाची पाळी, किती वाजता सुरू, किती वाजता बंद. सगळ्यात मोठा बागायतदार चारीच्या तोंडाला होता, म्हणून त्याचं नाव सगळ्यात खाली. त्याचा ऊस वाळायला लागला तरी खाली. आवर्तन चालू असेपर्यंत रोज दिवेलागणीला पारावर बैठक. एकदा त्याच बागायतदाराच्या पोरानं रात्री दार उचललं. दुसऱ्या दिवशी बैठकीत बापानं स्वतः पोराला उभं केलं, आणि त्या घराची पुढची पाळी गेली. पोलीस नाही, पंचनामा नाही.

यात व्यक्तीच्या शिस्तीचंही आलंच, तुमच्या विषयात दोन्ही आहेत म्हणून सांगतो. पाळी रात्री अडीचला असली तरी त्या चारीवरचा माणूस पौषातल्या थंडीत घोंगडं पांघरून वेळेवर शेतात हजर असायचा, कारण अडीचला पाणी येणार ही त्याला खात्री होती. शेजारच्या चारीवर लोक झोपून राहायचे, पाणी नाल्याला जायचं, आणि सकाळी भांडणं. तीच जात, तेच सोयरे, तीच काळी जमीन. पाणी येईल का नाही याचाच भरवसा नसेल तर झोप मोडून कोण उठेल? आळशी म्हणून नाव ठेवायच्या आधी एवढं विचारत जा.

पुढं ती व्यवस्थाही मोडली. कशी, ते ऐका. एका वर्षी पाऊस दणकून झाला, विहिरी तुडुंब, कालव्याची कुणाला गरज पडली नाही, आणि बैठक बंद झाली. भांडण नाही, काही नाही, नुसती बंद झाली. यादी पावसानं पुसली, पुन्हा कुणी लिहिली नाही. चोऱ्या सुरू झाल्या त्या त्यानंतर. गावात सांगताना लोक उलटं सांगतात, चोऱ्या वाढल्या म्हणून बैठक मोडली म्हणतात. मी तिथं होतो.

आणि एक कडू बोलतो. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पाणी ठरलेल्या टक्क्यांच्या खाली असलं की आपण नाशिक-नगरकडं बोट दाखवतो, वरच्या धरणांतून समन्यायी वाटप करा म्हणतो. बरोबरच आहे, कायद्यानं आपला हक्क आहे, मोर्चाला मीही गेलोय. पण धरणात पाणी आल्यावर आपल्याच चारीच्या तोंडाला बसलेला आपल्याच शेपटाशी जे वागतो ते काय वेगळं आहे? त्यावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

घागर_नंबर (लातूर)

काका, समाजआरतीचं वाचून अंगावर काटा आला, पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे.

२०१६ चा उन्हाळा आमच्या गल्लीनं भोगलाय. पाण्याच्या टाक्यांपाशी कलेक्टरनं जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. आमच्या गल्लीत मात्र ना १४४ होतं ना पोलीस. बायकांनीच ठरवलं: घरातल्या माणसांवर घागरी, पाहुण्याची घागर धरायची नाही, बाळंतीण असेल त्या घराला आधी. घागरींवर रंगानं नंबर टाकले. कुणी नवऱ्याला पुढं करून दमदाटी केली तर सगळ्याजणी घागरी खाली ठेवून गप उभ्या राहायच्या, टँकरवाल्याला पाइपच लावू द्यायच्या नाहीत. तुमच्या टाळासारखंच, फक्त उलटं.

आणि मग त्या वर्षीचा पावसाळा झाला. धो धो. नळाला पाणी यायला लागल्यावर त्याच गल्लीत बिनतोटीचे नळ वाहायला लागले, अंगणात पाइपनं सडा. मी एका बाईला टोकलं तर म्हणाली, "काय करलालीस बाई, दुष्काळ सरलाय की." म्हणून म्हणते, तुमच्या चारीवरची बैठक सुबत्तेनं मोडली यात नवल काही नाही. टंचाईतली शिस्त ही निम्मी नाइलाजच असते. मुलांना सांगायचं तर सुबत्तेत काय पाळायचं ते सांगा. ते अवघड आहे, आणि मला स्वतःला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

सिग्नल_तोडू_नका

घागरी खाली ठेवायची युक्ती भारी. पण ताई, सगळ्या बायका एका गल्लीतल्या, एकमेकींना ओळखणाऱ्या. क्रांती चौकात कोण कुणाला ओळखतो? तिथं हवालदारच लागणार, माझं मत कायम.

शेवटचं_दार

सगळ्यांचे आभार. भाषणात समाजआरती आणि घागरींचे नंबर दोन्ही सांगणार, जपान रद्द. हेडसरांना चालेल का माहीत नाही. काका, एक विचारतो. यंदा आमच्या चारीवर अशी बैठक सुरू करायची तर आम्ही शेपटाची चार-पाच घरं काय करू शकतो? वरचे आमच्या बोलावण्यानं पारावर येणार नाहीत.

कालवा_सेवानिवृत्त

पारावर बोलवूच नका. तुम्हीच चारीच्या तोंडाला, त्यांच्या गोठ्यावर जा. चहा त्यांचा प्या. पाणीचोरीचा विषय पहिल्या दिवशी काढायचा नाही. चारीतलं गवत आणि गाळ काढायचा विषय काढा, ते दोघांनाही पाहिजे असतं. गाळ काढताना सगळे एका ओळीत येतात, यादी तिथं करा.

रब्बी १५ ऑक्टोबरला लागतो, त्याआधी कालवा सल्लागार समितीची बैठक होऊन किती आवर्तनं ते ठरेल. तेवढ्यात नमुना सात, म्हणजे पाणी मागणीचे अर्ज, सगळ्यांचे एकत्र भरा, वरच्यांचेसुद्धा तुम्हीच नेऊन द्या. थकबाकी असेल तर अर्ज अडतो, म्हणून पाणीपट्टीच्या पावत्या आधी गोळा करा. आणि घड्याळ कुणाचं धरायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा. मोबाइल आले तरी यावरून भांडणं होतातच, एकाचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढं असतं.