मेमरी चिपच्या किमती इतक्या टोकाला का जातात?

प्रश्न
डीरॅमच्या (संगणक आणि मोबाइलमधील कार्यकारी मेमरी चिपच्या) किमती २०२३ मध्ये कोसळल्या होत्या आणि २०२५ च्या अखेरीस त्या झपाट्याने चढल्या. मागणी-पुरवठ्याचा नियम सगळ्याच मालाला लागू असताना येथेच एवढे चढउतार का व्हावेत? मोजक्या कंपन्या संगनमत करतात, या आरोपात तथ्य आहे का?

प्रतिसाद १
मुख्य कारण पुरवठ्याच्या ताठरपणात आहे. नवा कारखाना उभारून उत्पादन सुरू व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि चालू कारखान्यातही कोऱ्या वेफरपासून (ज्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती) तयार चिप हाती येईपर्यंत काही महिने जातात. त्यामुळे मागणी अचानक वाढली, तर उपलब्ध मालासाठी ग्राहकांत चढाओढ लागते. मागणी घटली तरी यंत्रसामग्रीचा घसारा चालूच राहतो, म्हणून चालू खर्च भरून निघतो तोवर कंपन्या तोट्यातही उत्पादन करत राहतात आणि साठा फुगत जातो. शिवाय एकाच मानकाच्या चिप बऱ्याच अंशी एकमेकींच्या जागी चालतात; साहजिकच स्पर्धा भावावर येऊन ठेपते. २००९ मध्ये किमोंडा आणि २०१२ मध्ये एल्पिडा या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामागे अशीच घसरण होती.

प्रतिसाद २
यात २०२५ ची एक वेगळी बाजू जोडायला हवी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना लागणारी एचबीएम मेमरी तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ (संगणकातील नेहमीची मेमरी) च्या सुमारे तिप्पट वेफर खाते. म्हणजे वेफरची संख्या तीच राहिली, तरी उत्पादन एचबीएमकडे वळताच संगणक आणि मोबाइलच्या वाट्याची मेमरी कमी होते. टंचाईच्या भीतीने ग्राहक गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतात आणि भाव आणखी चढतो. माझ्या मते या फुगवलेल्या मागणीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

प्रतिसाद ३
संगनमताबद्दल: १९९९ ते २००२ या काळातील भावनिश्चितीसाठी अमेरिकेत सॅमसंगला ३० कोटी डॉलर आणि हायनिक्सला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, तेव्हा शंका निराधार नाही. मात्र आज सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांच्याकडे बहुतांश बाजार असूनही २०२३ च्या मंदीत तिघींनाही मेमरी व्यवसायात मोठा तोटा सोसून उत्पादन घटवावे लागले. केवळ संगनमताने भाव ठरत असते, तर ही वेळ आली नसती.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे पुढचा अंदाज बांधताना भावापेक्षा कंपन्यांची कारखान्यांतील गुंतवणूक आणि ग्राहकांकडील साठा पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे दिसते.

प्रतिसाद १
होय, पण आज जाहीर झालेली गुंतवणूक बाजारात माल म्हणून यायला दोन-तीन वर्षे लागतील, हेही त्यात धरा.