पायंडा, प्रघात, संकेत की दंडक? वॉशिंग्टनच्या कारकिर्दीविषयी लिहिताना कोणता शब्द?

विचारणा

अकरावीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षीय कारकिर्दीवर मराठीत टिपण लिहिते आहे. कालखंड ३० एप्रिल १७८९ ते ४ मार्च १७९७. इंग्रजी पुस्तकांत या आठ वर्षांबद्दल 'प्रिसिडेंट' (precedent, पुढच्यांनी आधार म्हणून घ्यावे असे आधीचे उदाहरण) हा शब्द पानोपानी येतो. वॉशिंग्टनने खातेप्रमुखांना एकत्र बसवले, प्रिसिडेंट. सिनेटकडे सल्ला मागायला जाणे सोडले, प्रिसिडेंट. दोन मुदतींनंतर घरी गेला, तोही प्रिसिडेंट. मराठीत पटकन 'परंपरा' सुचते, पण पहिल्याच माणसाने पहिल्यांदाच केलेल्या गोष्टीला परंपरा म्हणणे पटत नाही. पायंडा, प्रघात, संकेत, दंडक, दाखला असे शब्द समोर आहेत. यांतला कोणता घ्यावा? की प्रत्येक ठिकाणी वेगळा?

दुसरी शंका. भारताचे 'राष्ट्रपती' आणि अमेरिकेचे 'राष्ट्राध्यक्ष' असा भेद आपली वर्तमानपत्रे करतात. त्याला काही आधार आहे की नुसती सवय?

प्रतिसाद

ताई, प्रत्येक ठिकाणी वेगळाच घ्या. हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, हे त्यांच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांवरूनच कळते. पायंडा पडतो किंवा पाडला जातो. प्रघात असतो. संकेत पाळतात किंवा मोडतात. दंडक घालून देतात. पायंड्याला सुरुवात असते आणि बहुधा ती करणारा माणूसही असतो. प्रघाताची सुरुवात कुणाला आठवत नाही आणि आठवायची गरजही वाटत नाही. संकेतामागे लाज असते, दंडकामागे शिक्षा.

म्हणून १७८९ च्या वॉशिंग्टनसाठी 'पायंडा'च. जानेवारी १७९० मध्ये त्याने इंग्रज इतिहासकार कॅथरीन मॅकॉले ग्रॅहम हिला लिहिले की आपण कुणाचेही पाऊल न पडलेल्या जमिनीवरून चाललो आहोत, आणि आपल्या वागण्यातला क्वचितच एखादा भाग असा असेल की ज्याचा पुढे दाखला घेतला जाणार नाही. ज्या शब्दाच्या पोटातच 'पाय' आहे तो इथे वापरायचा नाही तर कुठे? आणि हे त्याला कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी कळले होते, ही या माणसाबद्दलची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. राज्यघटनेचा दुसरा अनुच्छेद अध्यक्षाबद्दल फार त्रोटक बोलतो. उरलेली जागा कुणाच्या तरी रोजच्या वागण्यानेच भरणार होती.

आता दोन मुदतींचे उदाहरण घ्या. एकाच गोष्टीला वेगवेगळ्या काळात वेगळा शब्द लागतो. वॉशिंग्टन १७९७ मध्ये माउंट व्हर्ननला, आपल्या घरी, परतला तेव्हा मूळ घटनेत मुदतींवर कसलीच मर्यादा नव्हती, आणि 'दोनच मुदती असाव्यात' असा सिद्धांतही त्याने मांडला नव्हता. तो थकला होता. १७९२ मध्येच निवृत्त व्हायचा त्याचा विचार होता. तेव्हा १७९७ मध्ये पडला तो पायंडा. डिसेंबर १८०७ मध्ये तिसरा अध्यक्ष जेफरसन याला पुन्हा उभे राहण्याचा आग्रह झाला. त्याने व्हर्मॉन्टच्या विधिमंडळाला कळवले की आपल्या थोर पूर्वसुरीने घालून दिलेले चांगले उदाहरण डावलून दुसऱ्या मुदतीपुढे जाणारा पहिला माणूस आपल्याला व्हायचे नाही. त्या उत्तरानंतर तो संकेत झाला, कारण आता मोडणाऱ्याला कारण द्यावे लागणार होते. ग्रँटने १८८० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळवायचा प्रयत्न केला, थिओडोर रूझवेल्ट १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला, दोघांनाही यश आले नाही. फ्रँकलिन रूझवेल्टने १९४० मध्ये तिसरी निवडणूक जिंकून संकेत मोडला, १९४४ मध्ये चौथीही जिंकली. मग १९५१ मध्ये बावीसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि संकेताचा दंडक झाला. चारही टप्प्यांना 'परंपरा' लिहिले तर मुलांना यातली हालचालच दिसणार नाही.

प्रतिसाद

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत, पण एक सावधगिरी. आजच्या मराठीत 'पायंडा' निम्म्याहून अधिक वेळा वाईट अर्थाने येतो. 'असे केले तर चुकीचा पायंडा पडेल' हे वाक्य कार्यालयात रोज कानावर पडते, 'चांगला पायंडा पडला' त्या मानाने क्वचित. त्यामुळे नुसते 'वॉशिंग्टनने पायंडे पाडले' लिहिले तर मुले ते तक्रारीसारखे वाचू शकतील. 'चांगला', 'हितकारक' असे काही जोडावे लागेल.

आणि न्यायालयाच्या संदर्भात मात्र 'पायंडा' नकोच. तिथे पूर्वनिर्णय किंवा दाखला.

प्रतिसाद

विशेषण जोडायची सक्ती मला मान्य नाही. वॉशिंग्टनने पाडलेले सगळेच पायंडे टिकले नाहीत आणि सगळेच चांगले नव्हते. त्यामुळे शब्दाची ही दुहेरी छटा इथे उपयोगीच आहे. न टिकलेल्यांचे एक ठळक उदाहरण देतो.

परराष्ट्र करार अध्यक्षाने सिनेटच्या 'सल्ल्याने आणि संमतीने' करावेत असे घटना सांगते. वॉशिंग्टनने ते अक्षरशः घेतले. २२ ऑगस्ट १७८९ रोजी, शनिवारी, तो युद्धखाते सांभाळणाऱ्या हेन्री नॉक्सला घेऊन न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या दालनात गेला. विषय होता दक्षिणेकडच्या आदिवासी राष्ट्रांशी, मुख्यतः क्रीक लोकांशी, करायच्या वाटाघाटींचा. प्रश्न वाचून दाखवले गेले. बाहेर रस्त्यावरून गाड्यांचा खडखडाट येत होता, म्हणून पुन्हा वाचले गेले. सदस्यांनी कागद मागितले, मग कुणी तरी समितीकडे सोपवा म्हणाले. 'इथे येण्याचा माझा सगळा हेतूच यामुळे फसतो,' असे वॉशिंग्टन चिडून म्हणाल्याची नोंद पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर विल्यम मॅक्ले याच्या रोजनिशीत आहे. सोमवारी तो परत आला, काम उरकले, आणि त्यानंतर असा सल्ला मागायला कधी गेला नाही. 'सल्ला आणि संमती' या जोडीतली संमती राहिली. करार आधी ठरवायचा आणि मग मंजुरीला पाठवायचा, हा आजवरचा प्रघात त्या दोन दिवसांतून निघाला. इथे 'प्रघात' चपखल बसतो, कारण कुणी ठरवून तो पाडला नाही.

उलट उदाहरण वार्षिक निवेदनाचे. घटना एवढेच म्हणते की अध्यक्षाने वेळोवेळी काँग्रेसला, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून होणाऱ्या संसदेला, देशाच्या स्थितीची माहिती द्यावी. वॉशिंग्टनने ८ जानेवारी १७९० रोजी स्वतः जाऊन भाषण केले. जेफरसनने १८०१ मध्ये लेखी निवेदन पाठवून तो पायंडा मोडला, कारण त्याला त्यात राजाच्या भाषणाचा वास येत होता. शंभरहून अधिक वर्षांनी, १९१३ मध्ये, अध्यक्ष विल्सनने तो पुन्हा सुरू केला.

प्रतिसाद

दुसऱ्या शंकेबद्दल. 'राष्ट्राध्यक्ष' ही नुसती सवय नाही, आणि तुमच्या टिपणाच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे.

१७८९ च्या वसंतात या पदाधिकाऱ्याला हाक काय मारायची यावर काँग्रेसमध्ये जवळजवळ तीन आठवडे वाद चालला. उपाध्यक्ष जॉन ॲडम्सला भारदस्त किताब हवा होता. सिनेटच्या समितीने सुचवलेला किताब मराठीत साधारण असा होईल: 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे संरक्षक, श्रीमंत महाराज'. प्रतिनिधिगृहाचा सदस्य जेम्स मॅडिसन आणि ते प्रतिनिधिगृह घटनेत जेवढे आहे तेवढ्यावर ठाम राहिले. १४ मे रोजी सिनेटने माघार घेतली. 'प्रेसिडेंट' हा शब्द तेव्हा अगदी घरगुती होता. ॲडम्सची कुरकुरच अशी होती की आग विझवणाऱ्या मंडळांनाही प्रेसिडेंट असतात आणि क्रिकेटच्या क्लबांनाही.

आपल्या मंडळाचा, पतपेढीचा, संमेलनाचा जसा 'अध्यक्ष', तसाच तो शब्द. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अध्यक्ष म्हणजे एकेका खात्याचा प्रमुख, राजा नव्हे. 'पती'मध्ये धनीपणाची छटा आहे, आणि तीच त्या प्रतिनिधिगृहाला नको होती. म्हणून अमेरिकेसाठी अध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्षच योग्य. आपल्याकडे 'राष्ट्रपती' स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेस पक्षाच्या अध्यक्षालाही म्हणत, पुढे तो भारताच्या घटनेत आला आणि रुळला, ती गोष्ट वेगळी. एकच अडचण: आपल्याकडे लोकसभेच्या आणि विधानसभेच्या पीठासीन व्यक्तीलाही अध्यक्ष म्हणतात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी 'सभापती' लिहा, म्हणजे गोंधळ टळेल.

विचारणाऱ्या ताई

खूप मदत झाली. आता 'मंत्री'बद्दल विचारते. जेफरसन परराष्ट्रमंत्री, हॅमिल्टन अर्थमंत्री असे सर्रास छापतात. ते ठेवू का? आणि व्हेटोला 'नकाराधिकार'?

प्रतिसाद

मंत्री ठेवा, पण पहिल्यांदा शब्द येईल तिथे दोन ओळी खुलासा द्या. आपल्याकडे मंत्री म्हटले की तो सभागृहाचा सदस्य, सभागृहाला जबाबदार. अमेरिकेत पद स्वीकारले की काँग्रेसचे सदस्यत्व ठेवताच येत नाही, घटनेतच मनाई आहे. आपल्याकडचाच जवळचा शब्द हवा असेल तर शिवकालीन अष्टप्रधान आठवा. प्रधान छत्रपतींना जबाबदार, आणि त्यांत 'सचिव' हे पदच होते. वॉशिंग्टनचे हे सहकारी नावाने सचिवच होते.

'मंत्रिमंडळ' तर घटनेत नाहीच. खातेप्रमुखांचे लेखी मत मागवता येईल एवढेच घटनेत आहे. १७८९ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने परराष्ट्र, युद्ध आणि अर्थ ही खाती निर्माण केली. याच चर्चेत प्रश्न आला की सिनेटच्या संमतीने नेमलेल्या खातेप्रमुखाला अध्यक्ष एकट्याच्या अधिकारात बडतर्फ करू शकतो का. सिनेटमध्ये मते समसमान पडली आणि ॲडम्सच्या मताने अध्यक्षाच्या बाजूने निकाल लागला. खातेप्रमुख अध्यक्षाचा माणूस झाला तो इथे. सुरुवातीला वॉशिंग्टन प्रत्येकाकडून कागदावर मत घेई. नोव्हेंबर १७९१ मध्ये जेफरसन, हॅमिल्टन, नॉक्स आणि महान्यायवादी रँडॉल्फ यांना त्याने एकत्र बसवले, आणि १७९३ च्या ब्रिटन-फ्रान्स युद्धाच्या प्रसंगी अशा बैठका नित्याच्या झाल्या. त्यांची मते मात्र अध्यक्षावर बंधनकारक नाहीत, निर्णय अध्यक्षाचाच. म्हणून 'मंत्रिमंडळाने ठरवले' असे वाक्य त्या काळाबद्दल लिहू नये, 'मंत्र्यांशी बोलून वॉशिंग्टनने ठरवले' असे लिहावे.

नकाराधिकाराबद्दल: घटनेत व्हेटो हा शब्द नाही. अध्यक्षाने हरकती लिहून विधेयक परत पाठवायचे, आणि दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केले तर कायदा होतो. म्हणजे नकार अखेरचा नाही. वॉशिंग्टनने हा अधिकार आठ वर्षांत दोनदाच वापरला. पहिल्यांदा ५ एप्रिल १७९२ रोजी, प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांत वाटण्याच्या विधेयकावर. कारण घटनेतलेच दिले: आठ राज्यांना तीस हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा जास्त जागा मिळत होत्या. 'नकाराधिकार' रुळलेला आहे, तोच ठेवा. फक्त क्रिया सांगताना 'विधेयक हरकतींसह परत पाठवले' असे लिहा.

प्रतिसाद

'फेअरवेल ॲड्रेस'चे भाषांतर 'निरोपाचे भाषण' करू नका, ही कळकळीची विनंती. ते भाषण झालेच नाही. १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात ते छापून आले. १७९२ चा मॅडिसनचा मसुदा, नंतर हॅमिल्टनचा हात, आणि शेवटचा शब्द वॉशिंग्टनचा. 'निरोपाचे निवेदन' किंवा 'निरोपपत्र' चालेल. त्यात कायमस्वरूपी युतींपासून दूर राहा असे आहे. 'गुंतवून टाकणाऱ्या युती' हे शब्द मात्र जेफरसनचे, १८०१ च्या भाषणातले. मराठी लेखांत दोन्ही वॉशिंग्टनच्या तोंडी घातलेले दिसतात.

त्याच अनुषंगाने 'तटस्थता'. २२ एप्रिल १७९३ च्या घोषणेला आपण तटस्थतेची घोषणा म्हणतो, पण तिच्यात हा शब्द मुद्दाम टाळला होता. मजकुरात 'मैत्रीपूर्ण आणि निःपक्षपाती वर्तन' असे आहे. युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा असताना युद्धात न पडण्याची घोषणा अध्यक्ष एकटा कशी करतो, हा जेफरसनचा आक्षेप होता. १७९४ मध्ये काँग्रेसने तसा कायदा केला. 'अलिप्तता' तर इथे अजिबात नको, त्या शब्दाला आपल्याकडे नेहरूकाळाचा अर्थ चिकटला आहे.

प्रतिसाद

एक शब्द राहिला, आणि तो टाळून हे टिपण पुरे होऊ नये असे मला मनापासून वाटते. तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया (पेनसिल्व्हेनिया राज्य) इथल्या अध्यक्षीय निवासाबद्दल लिहिताना 'नोकरचाकर' लिहू नका. त्यांतले कित्येक जण गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने, बाहेरून आणलेला गुलाम तिथे सहा महिने राहिला तर मुक्त होऊ शकत असे. वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणत असे, आणि एप्रिल १७९१ च्या पत्रात त्याने आपल्या चिटणिसाला लिहिले की हे त्या लोकांना आणि जनतेलाही कळू नये अशा सबबीखाली करावे. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: पळवाट. मार्था वॉशिंग्टनची दासी ओना जज मे १७९६ मध्ये त्या घरातून निसटली आणि न्यू हॅम्पशायरला गेली. पळालेल्या गुलामांना पकडण्याचा १७९३ चा कायदा वॉशिंग्टनच्याच सहीचा, पण तिला परत आणण्याचे त्याचे प्रयत्न फसले. तिच्याबाबत 'पळून गेली' असे लिहिण्यापेक्षा 'स्वतःची सुटका करून घेतली' असे लिहा.

विचारणाऱ्या ताई

लिहिते. परिच्छेदही वेगळा देते, कंसात नाही. दोन मुदतींच्या भागात पायंडा, संकेत, दंडक हे तिन्ही शब्द त्याच क्रमाने येतील. सिनेटच्या प्रसंगासाठी प्रघात. 'चांगला' हे विशेषण फक्त जेफरसनच्या उत्तरात ठेवते, कारण तिथे ते त्याचे स्वतःचे आहे.