घरी व्हिडिओ, वर्गात प्रश्न: आपल्याकडे हे जमतं का?

भौतिकवाल्या मॅडम, हिंगणा रोड:
यंदा अकरावीला फ्लिप्ड क्लासरूम करून पाहिला. आदल्या रात्री १० मिनिटांचा व्हिडिओ, तासाला फक्त प्रश्न. (२००७ मध्ये कोलोरॅडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड केले, तिथून ही पद्धत पसरली.) न्यूटनचा तिसरा नियम, प्रत्येक क्रियेला तेवढीच विरुद्ध प्रतिक्रिया, सगळ्यांना पाठ. विचारलं, वर्धा रोडवर ट्रक स्कूटरला धडकला, तर जास्त बल कोणावर? जवळजवळ सगळे म्हणाले, स्कूटरवर. म्हटलं, आता शेजाऱ्याला पटवून द्या. पंधरा मिनिटं वर्ग भांडत होता. कधीही तोंड न उघडणारी एक मुलगी उठली, "बल सारखंच आहे मॅडम. स्कूटरचं वस्तुमान कमी, म्हणून तिचं त्वरण जास्त." मला आता नुसतं लेक्चर द्यायचं नाही.

उमरेडचा मास्तर:
अजिबात पटलं नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन आहे, तोही बाबांसोबत कामावर जातो. रात्री नऊला येतो तेव्हा डेटा संपलेला असतो. व्हिडिओ न पाहिलेलं लेकरू तुमच्या त्या भांडणात काय बोलणार? खाली मान घालून बसणार. पूर्वी निदान तासाची सुरुवात तरी सगळ्यांची एकाच ठिकाणाहून व्हायची.

बारावीतली, सक्करदरा:
कॉलेज, मग ट्यूशन, घरी यायला आठ वाजतात. त्यावर पुन्हा व्हिडिओ? समोर शिकवणारे सर आमचे चेहरे पाहून थांबतात. व्हिडिओ थांबत नाही.

अभियांत्रिकीत शिकवतो:
पण नुसतं ऐकून कळतं किती? स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये पदवीच्या विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या लेक्चरच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२ टक्के.

उमरेडचा मास्तर:
म्हणजे फरक वर्गातल्या कामाने पडला. त्यात व्हिडिओ कुठे आला? ट्रकचा प्रश्न खडूनेही विचारता येतो. मॅडम, त्या मुलीने व्हिडिओ पाहिला होता का, एवढं विचारा.

भौतिकवाल्या मॅडम:
सर, वेळ कुठून आणू? सूत्राची सिद्धता फळ्यावर मांडली की अर्धा तास संपतो. ती सिद्धता व्हिडिओतून घरी गेली म्हणून तर भांडायला वेळ मिळाला.

अभियांत्रिकीत शिकवतो:
हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर नव्वदच्या दशकापासून असेच प्रश्न विचारत आले. त्यांची मुलं घरून पुस्तक वाचून यायची.

भौतिकवाल्या मॅडम:
आज त्या मुलीला विचारलं. व्हिडिओ पाहिलाच नव्हता, भावाकडे फोन होता. धडा दोनदा वाचून आली होती. सोमवारपासून आधी पुस्तकाची दोन पानं देणार. व्हिडिओ ठेवते, पण ज्याला हवा त्याच्यासाठी, आणि कॉलेजच्या संगणकावर मधल्या सुट्टीतही. मास्तर, तुमच्याकडे घरून वाचून येतात का मुलं? नसतील येत तर काय करता, ते सांगा.